खंडेनवमीची पहार

अक्का, माझी आजी, गेली तेव्हा मी नाशकात होते. फोन आला, मिळेल त्या गाडीने निघाले, पण मद्रासला पोचेपर्यंत तिचं सगळं उरकलं होतं. (मी अजून मद्रासच म्हणते. मुलगा हसतो, हसू दे.) नव्वदी ओलांडून ती गेली, म्हणजे रडारड करावी असं काही नव्हतं, आणि तरी मी मात्र उंबऱ्यात बसून लहान मुलीसारखी रडले. पुढचे दिवस घरात माणसांची रीघ लागली होती. त्यातली निम्मी मला अनोळखी. प्रत्येक जण येऊन काहीतरी सांगायचा. कोपऱ्यावरचा दिवा रायर पाट्टींमुळे लागला, मुलींच्या शाळेत संडास त्यांच्यामुळे झाले, नळ त्यांनी हलवून आणला. आमच्याकडच्या लोकांना तमिळ शेजारी रायर म्हणतात आणि आजीला पाट्टी, म्हणून अख्ख्या रस्त्याला ती रायर पाट्टी होती. मी ऐकत होते, माना डोलावत होते. मला मात्र त्या सगळ्या गर्दीत एकच नवरात्र आठवत होतं, आणि त्याबद्दल कुणीच बोलत नव्हतं.

आम्ही तंजावरकडचे मराठी. किती पिढ्यांपूर्वी आलो ते कुणालाच धड सांगता येत नाही आणि कुणी विचारलं की अप्पा, म्हणजे माझे वडील, विषय बदलत. घरात जी मराठी चालायची ती ऐकून माझी पुण्याची सून आजही तोंडाला पदर लावते. 'सगळं'ला आम्ही 'अस्कं' म्हणतो, आणि वाक्य तमिळसारखं शेवटी वर उचलतो. ही लिहिण्याची मराठी मी लग्नानंतर नाशकात शिकले, तीही मुलांचे अभ्यास घेता घेता. अंबुबाई हे आजीचं नाव, पण तिचे धाकटे दीर तिला अक्का म्हणायचे, मग अप्पा म्हणायला लागले, मग आम्ही. मद्रासच्या पश्चिम मांबळममध्ये, रेल्वेच्या रुळांच्या अलीकडे आमचं घर. रुळांपलीकडे टी. नगरच्या साड्यांच्या दुकानांचा झगमगाट, अलीकडे आम्ही, आमचे डास आणि आमची गटारं. पहाटे हातपंपाची कुरकुर, मग कॉफीच्या गाळणीवर आईने मारलेली टिचकी, मग अक्काचं अंगणात सडा घालणं, असा दिवस उजाडायचा. कोलम, म्हणजे पिठाची रांगोळी, रेखून झाला की ती पिठाचे हात तसेच ठेवून रस्त्याच्या टोकापर्यंत चालत जायची आणि परत यायची. फिरायला नव्हे, बघायला. कुठे कचरा साठलाय, कुठला दिवा रात्रभर जळून आत्ता उजाडल्यावरही जळतोय, कुणाच्या दारात पाणी तुंबलंय, हे तिला कॉफीच्या आधी ठाऊक असायचं. निवडणुकीच्या दिवशी तर ती न्हाऊन, नऊवारी नेसून, मत देऊन घरी येईपर्यंत पाण्याचा थेंब तोंडात घालायची नाही. एकादशी मोडली तरी तिने हे व्रत कधी मोडलं नाही.

तिची काम करून घेण्याची एक रीत होती, आणि ती मी दुसऱ्या कुठल्याच माणसात पाहिली नाही. अर्जबिर्ज करण्यावर तिचा विश्वास नव्हता. अर्ज कचेरीत जातो, म्हणायची, आणि कचेरीतला माणूस संध्याकाळी घरी जातो. मग आपणही घरीच जावं. नवरात्रात आमच्याकडे कोलू मांडतात. पायऱ्यांवर देवादिकांच्या, राजाराणीच्या बाहुल्या, तांदूळ-डाळीचं दुकान घेऊन बसलेले शेठ आणि त्यांची बायको, आणि अगदी वर मरप्पाची म्हणतात ती नवराबायकोच्या लाकडी बाहुल्यांची जोडी. खाली जमिनीवर मुलं वाळू पसरून बाग करतात, मोहरी पेरून शेत पिकवतात, आरशाचा तुकडा ठेवून तळं करतात. आमच्याकडे बाग नसायची. आमच्याकडे खाली आमचा रस्ता असायचा, जसाच्या तसा. काड्यापेट्यांची घरं, खराट्याच्या काडीचे दिव्याचे खांब, त्यातला जो खरोखर विझलेला असेल तो काळा रंगवलेला. मग अक्का महापालिकेच्या इंजिनिअरच्या बायकोला, आरोग्य अधिकाऱ्याच्या सासूला, ज्यांच्या ज्यांच्याकडे कामं असतील त्यांच्या घरच्या बायकांना आईबरोबर जाऊन आग्रहाने बोलावून यायची. बायका यायच्या, गाणं म्हणायच्या, हरभऱ्याचं सुंडल खायच्या, आणि खाता खाता विचारायच्या की हा खांब काळा का? नाना, म्हणजे आजोबा, गेल्यापासून हळदकुंकू आणि पानसुपारी आई द्यायची. अक्का भिंतीला टेकून बसायची आणि उत्तरं द्यायची. महिन्या-दोन महिन्यांत दिवा लागायचा. आज आमच्या इमारतीच्या ग्रुपवर लोक दिवसभर खड्ड्यांचे फोटो टाकतात आणि एकमेकांना अंगठे दाखवतात, तेव्हा मला ते सुंडल आठवतं.

आता तिण्णैबद्दल सांगायला हवं. तिण्णै म्हणजे दाराबाहेरचा ओटा. आमच्या घराला आधी अरुंदशी होती. नाना नोकरीतून सुटले तेव्हा त्यांनी ती चांगली ऐसपैस रस्त्याकडे वाढवून घेतली, वर लाल गुळगुळीत फरशी घोटून घेतली. उरलेलं आयुष्य त्यांनी तिथेच काढलं म्हटलं तरी चालेल. सकाळी पेपर, दुपारी डुलकी, संध्याकाळी येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून गप्पा. शेवटच्या आजारात त्यांना आत नको वाटायचं, तेव्हा अक्काने त्यांची गादी तिथेच घातली. भिंतीला टेकून बसून बसून तिथे त्यांच्या डोक्याच्या तेलाचा एक गोल डाग पडला होता. पोंगलला घराला चुना लावणारे यायचे तेव्हा अक्का त्यांच्यामागे उभी राहायची आणि तेवढी जागा सोडायला लावायची. ते गेल्यानंतर रोज दिवेलागणीला ती त्या डागाच्या शेजारी जाऊन बसे. कुणाशी बोलत नसे. तेवढा वेळ आम्ही मुलंही तिकडे फिरकत नसू. हे कुणी सांगितलेलं नव्हतं, पण कळत होतं.

ज्या नवरात्राबद्दल मी लिहितेय, त्याच्या आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात रस्त्याच्या उताराच्या टोकाला राहणाऱ्या कन्नम्माच्या घरात पाणी शिरलं होतं. कन्नम्मा सगळ्या रस्त्याच्या कपड्यांना इस्त्री करायची. तिची म्हातारी सासू दिवसभर इस्त्रीच्या टेबलावर पाय वर घेऊन बसून राहिली, खाली घरभर काळं पाणी. अक्का तिला भाताची डबी द्यायला गेली होती आणि हे सगळं बघून आली. पाणी गटारातून कालव्याला जायला हवं, ते गटारात मावत नाही म्हणून रस्त्यावरून उताराला लागतं, एवढं तिला कळलं होतं. गटार कुठे अडतं हेही कळलं आहे असं तिला वाटत होतं. शेजारच्या सीतारामन मामांनी गाडी ठेवायला गटारावर पक्की शेड बांधली होती, आणि त्या शेडीवरून अक्का आणि मामा यांच्यात जुनं वैर होतं. वैर म्हणजे गोड बोलून चाललेलं. मामी रोज आमच्याकडे मिरच्या मागायला यायच्या आणि अक्का त्यांना मिरच्यांबरोबर शेडीबद्दल एक वाक्य द्यायची. त्या वर्षी कोलूखाली गटार करायचं, मामांची शेड चांगली ठसठशीत करायची, आणि इंजिनिअरच्या बायकोला दाखवायची, असा तिचा बेत होता. मला तो फार आवडला होता. मामांचा मला राग होता, कारण ते आमचा चेंडू परत देत नसत.

रस्ता मांडायचं काम त्या वर्षी प्रथमच एकट्या माझ्याकडे आलं. मी सातवी-आठवीत असेन. आधीच्या सगळ्या वर्षी रस्ता मामांच्या घरापासून सुरू व्हायचा, कारण आमच्या घरात बसूनच तो मांडला जायचा; आपलं घर मांडावं असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मला मात्र आपलं घर हवं होतं. मी एक मोठी पेटी शोधली, दार कापलं, पुढे लाल कागद लावून तिण्णै केली, अगदी बाहेर जाऊन वितीने मोजून. खरं सांगायचं तर मला ती मिरवायची होती, सगळ्या रस्त्यात आमचीच तिण्णै लाल होती. मग अक्का आली आणि गटारासाठी काळा दोरा घेऊन माझ्यासमोर मांडी घालून बसली. एक टोक तिने कालवा म्हणून ठेवलेल्या आरशापाशी धरलं, दुसरं मला दिलं आणि सरळ ओढायला सांगितलं. दोरा मामांच्या शेडीखालून आला आणि माझ्या लाल कागदाखाली गेला. मी तो वाकवून तिण्णैच्या पुढून घ्यायला लागले.

"वाकवू नकोस," अक्का म्हणाली. "गटार कुठं वाकतं?"

मग ती उठून बाहेर गेली. मी खिडकीतून पाहिलं. रस्त्याच्या मधोमध उभी राहून ती आधी वरच्या बाजूला, मग खालच्या बाजूला बघत होती. रोज पहाटे ती हा रस्ता बघायची, आणि बघायला सुरुवात करायची ती पायरी उतरल्यावर. पायरीच्या मागे काय आहे ते तिने कधी पाहिलंच नव्हतं. पाण्याच्या वाटेत आमची तिण्णै मामांच्या शेडीच्याही आधी येत होती. परत आत आली तेव्हा मला तिच्या चेहऱ्याची भीती वाटली. मी विचारलं, अक्का, आपलं घर काढून टाकू का? तिने माझ्या हातातून दोरा घेतला, लाल कागदाखालून नीट सरकवला आणि दोन्ही टोकं मेणाने चिकटवली.

इंजिनिअरची बायको आली त्या संध्याकाळी मामीही आल्या होत्या. आईने उडदाच्या पिठाची डांगर पच्चडी आणि पोळ्या केल्या होत्या, सुंडल तर होतंच. बायका कोलूची स्तुती करत होत्या, आणि मी मनात म्हणत होते की अक्का आता शेडीबद्दल बोलेल, नुसतं शेडीबद्दलच बोलेल. इंजिनिअरच्या बायकोने दोऱ्याकडे बोट करून विचारलं, हे काय? अक्काने तमिळमध्ये सांगितलं की हे गटार, गेल्या वर्षी खालच्या टोकाला पाणी भरलं ते यामुळे. मग हात लांब करून तिने लाल कागदावर बोट टेकवलं आणि म्हणाली, हे आमचं घर, आणि पाणी पहिलं इथे अडतं. बायका हसल्या, त्यांना वाटलं थट्टा आहे. आई हसली नाही. मामी शेडीकडे बघून हातातलं सुंडल चिवडत राहिल्या. शेडीचं नाव अक्काने काढलंच नाही.

अप्पांना हे, आणि अक्काने तिण्णै पाडायचं ठरवलंय हेही, रात्रीच्या जेवणात कळलं. अप्पा बंदरातल्या कचेरीत कारकून, शांत माणूस, चारचौघांत बोलायचं म्हटलं की कपाळाला घाम येणारा. अक्काच्या रस्त्यावरच्या उठाठेवी त्यांना जन्मभर लाजवत आल्या होत्या, पण विरोध असा त्यांनी कधी केला नव्हता. त्या दिवशी त्यांनी वांग्यांच्या रसवांगीने भरलेला हात ताटातच ठेवला.

"अक्का, ते नानांनी बांधलंय," ते म्हणाले.

"माहीत आहे. बांधणाऱ्या माणसांना ताक मीच देत होते. गटारावर फरशा घातलेल्या अस्कं मी पाहिलंय, आणि तेव्हा मला काही वाटलं नाही."

अप्पांनी पुष्कळ समजावलं. सगळा रस्ता असाच आहे, आपण एकट्यांनी पाडून काय होणार, महापालिका येईल तेव्हा बघू. नानांची दुसरी काय खूण उरलीय आपल्याजवळ, असंही म्हणाले. अक्काने वाद घातला नाही. ती वाढत राहिली. मला वाटलं अप्पा जिंकले, आणि मला बरं वाटलं, कारण मलाही ती तिण्णै हवी होती.

खंडेनवमीला आमच्याकडे पुस्तकं आणि हत्यारं देवीपुढे मांडतात. त्या दिवशी वाचायचं नाही, लिहायचं नाही, कुठलं हत्यार उचलायचं नाही. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, ज्याने त्याने आपली वस्तू उचलायची आणि थोडं तरी काम करायचं; त्या दिवशी हाती घेतलेलं तडीला जातं. दरवर्षी देवीपुढे माझी पुस्तकं, अप्पांचं फाउंटन पेन, आईची कात्री आणि विळी असायची. त्या सकाळी अप्पा आंघोळ करून पेन ठेवायला गेले आणि तिथेच उभे राहिले. मी मागून डोकावले. विळीच्या शेजारी, कोलूच्या पायऱ्यांना टेकून, एक लांब लोखंडी पहार ठेवली होती. तिला गंध लावलेलं होतं, कुंकवाची बोटं उठवलेली होती, टोकाला शेवंतीचं फूल होतं. अक्काने ती नारळाची आळी करणाऱ्या माणसाकडून मागून आणली होती. देवीपुढे ठेवलेली वस्तू दुसऱ्या दिवशी न वापरता परत द्यायची नसते, हे अप्पांना सांगायची गरज नव्हती. त्यांनी पेन पहारीपासून दूर, अगदी कडेला ठेवलं आणि नमस्कार न करता निघून गेले. अक्का स्वयंपाकघराच्या दारातून हे बघत होती. तिचे डोळे भरलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

दसऱ्याला सकाळी दोन माणसं आली. अप्पा कचेरीला सुट्टी असून बाहेर निघून गेले होते. अक्काने पहार स्वतः उचलली. ती तिला पेलवेना, आईने दुसरं टोक धरलं, आणि दोघींनी मिळून लाल फरशीवर एक घाव घातला. नुसता ओरखडा उठला. मग माणसांनी काम सुरू केलं. नानांचं काम पक्कं होतं, लवकर हलेना. मामा आपल्या फाटकाशी उभे राहून बघत होते, रस्त्यातली पोरं जमली होती, आणि अक्का उन्हात उभी होती, आत चल म्हटलं तरी येत नव्हती. फरशा निघाल्या तेव्हा खाली गटार असं नव्हतंच. वर्षानुवर्षांचा काळा गाळ बसून दगड झालेला होता. तिने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. संध्याकाळपर्यंत गटार मोकळं झालं, आणि घराच्या दर्शनी भिंतीवर तेवढा तेलाचा डाग उरला, खाली काहीच नाही. माणसांना ताक देऊन झाल्यावर अक्का आत गेली, ती दिवा लावायला बाहेर आलीच नाही. आईने लावला.

त्यानंतर घर बदललं. अप्पा अक्काशी बोलेनासे झाले. भांडण नाही, काही नाही. नुसतं बोलणं थांबलं. तिने वाढलेलं जेवायचे, खाली मान घालून. दिवेलागणीला ती कुठे बसावं ते न कळल्यासारखी या खोलीतून त्या खोलीत जायची. मला तिचा राग आला होता आणि तिची दयाही यायची, आणि त्या वयात ही दोन्ही एका वेळी सांभाळता येत नाहीत. आज तिच्या तेव्हाच्या वयाहून मी मोठी आहे, नवरा जाऊनही बरीच वर्षं झाली. त्याची जुनी खुर्ची गॅलरीत आहे, आणि सून दर दिवाळीला ती काढायची का विचारते. मी नाही म्हणते. अक्काने काय केलं हे मला त्या खुर्चीकडे बघताना कळतं, पुस्तकी थोरवी ऐकून नव्हे.

दिवाळीच्या सुमाराला पाऊस लागला, मद्रासचा पाऊस, एकदा लागला की आकाश फाटल्यासारखा. दुसऱ्या दिवशी रस्त्यावर पाणी चढायला लागलं. अक्का सकाळपासून खिडकीत होती. आमच्या दारासमोरून पाणी गटारात झपाट्याने जात होतं, ते स्पष्ट दिसत होतं, पण मामांच्या शेडीपाशी ते पुन्हा वर उसळून रस्त्यावर येत होतं. रस्त्यात इतर कुणीच काही पाडलं नव्हतं. दुपारी खालून ओरडा ऐकू आला तसे अप्पा धोतर खोचून, डोक्यावर गोणपाट घेऊन गेले. बऱ्याच वेळाने परतले ते कमरेपर्यंत चिखलाने भरून. आईने टॉवेल दिला, पाट मांडून ताट वाढलं. अप्पा दारातच उभे राहिले, आणि इतक्या दिवसांनी प्रथमच अक्काकडे बघून बोलले.

"कन्नम्माच्या घरात गुडघाभर पाणी आहे. तिच्या सासूला मी उचलून शाळेत नेऊन ठेवलं. सांग आता, नानांची तिण्णै पाडून काय मिळालं?"

अक्का खिडकीतून वळली. मला वाटलं ती रडेल. मला वाटलं अप्पांनी असं विचारायला नको होतं.

"भरलं, खरं आहे," ती म्हणाली. "पण यंदा आपल्यामुळं नाही भरलं."

अप्पांनी हातातला टॉवेल दांडीवर टाकला, धोतर पुन्हा गुडघ्यावर खोचलं, आणि पावसातच शेजारी जाऊन मामांच्या दाराची कडी वाजवली. मामांनी दार उघडलेलं आम्हाला ऐकू आलं. मग अप्पांचा आवाज, अडखळत, पण थांबत नव्हता. आई ताटापुढचा पाट उचलायला वाकली तेव्हा अक्काने तिला थांबवलं.

"राहू दे," ती म्हणाली. "ताट नुसतं झाकून ठेव. त्याला वेळ लागेल."